सागवानी डबा आणि त्याची प्रतिकृती
गडचिरोली जिल्ह्यातील अहेरीपर्यंत रूळ कधी पोचले नाहीत, तरी त्याच तालुक्यातील आलापल्लीच्या जंगलातील सागवान बल्लारशाच्या लाकूड आगारात येऊन तेथून रेल्वेने दूरवर जात असे. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून पूर्ण पोलादी डबे बनू लागण्याआधी भारतीय प्रवासी डब्यांच्या बांधणीत सागवानाचा मोठा वाटा होता. अशा डब्याची प्रतिकृती घडवणाऱ्याची पहिली अडचण मात्र मापाची असते. जगभर रूढ असलेल्या १:८७ प्रमाणात, म्हणजे मूळ वस्तूच्या सत्याऐंशीव्या भागाएवढ्या आकारात, १६७६ मिलिमीटरचा भारतीय रुंदमापी मार्ग सुमारे १९ मिलिमीटरचा होतो, तर बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटरचे, युरोपीय मार्गासाठी बेतलेले असतात. पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय खुले झाल्यावर ही कला मराठी प्रेक्षकाला जवळून पाहता आली. प्रतिकृतीला जुनेपण देणे, म्हणजे नव्या रंगावर ऊन, पाऊस आणि वापराच्या खुणा उमटवणे, हे खरे कसबाचे काम होय: बिडाच्या ब्रेकठोकळ्यांची तपकिरी धूळ चाकांभोवती दाट हवी, छपरावर काजळी हवी, आणि गंज फक्त पाणी साचते तिथेच दिसायला हवा, सरसकट फासलेला गंज निव्वळ हौशीपणा ठरतो.