वही नसलेलं वाण

आकाशवाणीवर इतिहासाबद्दल बोलायचं आहे आणि विषय कुत्र्यांचा आहे, असं मी घरी सांगितलं तेव्हा सगळे हसले. नगर जिल्ह्याचा इतिहास म्हटला की निजामशाही यायला हवी, भुईकोट किल्ला यायला हवा, चांदबिबी यायला हवी. त्याच किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात कैदेत असलेले पंडित नेहरू यायला हवेत. त्यात कुत्री कुठून आली? पण याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला, १९७४ साली एका भिल्ल माणसाला जमिनीत ब्राँझच्या चार मूर्ती सापडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला एक रथ आहे, रथात उभा माणूस आहे, आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. मूर्तींच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, तरी त्या साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या असाव्यात असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. म्हणजे आपल्या जिल्ह्यात किल्ला येण्याच्या कितीतरी आधी कुत्रा आलेला होता.

तो कुत्रा कुठल्या जातीचा, हे त्या मूर्तीवरून सांगता येणार नाही. मला बोलायचं आहे ते कारवानी कुत्र्याबद्दल. माझं गाव कर्जत तालुक्यात, रेहेकुरीच्या माळाच्या अंगाला. आमच्या घरी माझ्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या वेळेपासून कारवानी कुत्री होती. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीला चिकटलेलं पोट, आणि अंगावर इतके कमी केस की थंडीत बघणाऱ्यालाच हुडहुडी भरावी. धनगराच्या वाड्यावरचा दांडगा, केसाळ राखणदार वेगळा आणि हा वेगळा. हा नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार करणारा. कानांवर, शेपटीवर रेशमासारखे केस असतील, तर त्याला पश्मी म्हणायचं.

हा कुत्रा आला कुठून? नावच सांगतं की कारवानांबरोबर, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आला. पठाण, अरब, इराणी यांनी तो दख्खनेत आणला अशी परंपरा आहे. तिला कागदाचा पुरावा नाही, पण वायव्येकडची कुत्री हिंदुस्थानात येत होती हे नक्की. अबुल फजलच्या ‘आइन-ए-अकबरी’त अकबराच्या कुत्र्यांच्या आवडीचा उल्लेख आहे. बादशहा देशोदेशींची कुत्री मागवी आणि त्यांत काबूलकडची उत्तम असत, असं तो लिहितो.

आता नगरकडे येऊ. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झालेल्या सेनापतीने, नगरचा किल्ला घेतला. त्या मोहिमेत फौजेला धान्य पुरवत होते बंजारे. हजारो बैलांच्या पाठीवर गोणी लादून त्यांचे तांडे फौजेमागे चालत, आणि तांड्याबरोबर त्यांची कुत्री. कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुढे दख्खनेतल्या प्राण्यांची यादी करून १८३१ साली लंडनच्या प्राणिशास्त्र सभेपुढे ठेवली. दख्खनचा कोळसुंदा शास्त्रज्ञांपुढे मांडला तो याच साइक्सने. पाळीव कुत्र्यांत त्याने नाव घेतलं ते बंजाऱ्यांच्या कुत्र्यांचं. ती इराणी ग्रेहाउंडसारखी दिसतात, पण त्याहून ताकदवान आहेत, असं त्याचं निरीक्षण. आमच्या घरची कुत्री थेट त्यांचीच वंशज, असा दावा मी करणार नाही. पण अशा बांध्याची कुत्री तेव्हा या मुलखात फिरत होती, एवढं त्यावरून कळतं.

यानंतर मात्र नोंदी विरळ होत जातात. १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे झाली. धान्य डब्यातून जाऊ लागलं आणि बैलांच्या तांड्यांचं कामच गेलं. त्याआधी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला होता, तो पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाला. फिरस्त्या माणसांना चौकीवर हजेरी लावायला लागली. पारध्यांसारख्या ज्या लोकांना शिकारी कुत्र्याची पारख होती, त्यांच्यावरच चोर म्हणून शिक्का बसला. माणसाची नोंद पोलिसांच्या दप्तरात होत असताना त्याच्या कुत्र्याच्या आई-बापांची नोंद कोण करणार?

नगरच्या छावणीत आणि इतर ठाण्यांत इंग्रज अधिकारी शिकारीसाठी विलायती कुत्री आणत, त्यांत गावठी मिसळत. अशा मिसळीच्या टोळीला ते ‘बॉबरी पॅक’ म्हणत. गंमत अशी की हा ‘बॉबरी’ शब्द आपल्या ‘बाप रे’वरून गेला, असं तेव्हाच्या इंग्रजी कोशकारांनीच लिहून ठेवलं आहे.

याच काळात तिकडे इंग्लंडात व्हिपेट नावाचा कुत्रा पुढे आला. दिसायला आपल्या कारवानीचा धाकटा भाऊच, उंचीला साधारण वीस इंचांच्या आत. लँकेशायर, यॉर्कशायर, डरहॅमकडच्या खाण आणि गिरणी कामगारांनी तो वाढवला. श्रीमंताचा तो ग्रेहाउंड आणि गरिबाचा तो व्हिपेट. आठवडाभर कोळसा खणायचा आणि सुट्टीच्या दिवशी कुत्र्यांची शर्यत लावायची. शेवटच्या रेषेपलीकडे मालक फडकं हलवत उभा राहायचा आणि कुत्रं त्या फडक्याकडे धावायचं. मात्र १८७३ साली तिथे केनेल क्लब स्थापन झाला होता. १८९०च्या सुमारास या कामगारांच्या कुत्र्याला मान्यता मिळाली आणि त्याचे आई-बाप, आजा-पणजा छापील वहीत जाऊ लागले. दोन्हीकडे पाळणारी माणसं गरीबच होती. त्यांच्या कुत्र्याला वही मिळाली, आपल्या कुत्र्याला मिळाली नाही. माझ्या मते खरा फरक एवढाच आहे.

आमच्याकडे वहीचं काम आबा तोंडी करत. निरक्षर माणूस, पण प्रत्येक कुत्रीच्या सात पिढ्या घडाघडा सांगायचे. कुत्री माजावर आली की पहिले आठ-नऊ दिवस तिला कोठीत कोंडून ठेवायचे आणि मग दहा-दहा कोस चालत जाऊन ठरलेला नर दाखवायचे. दोन महिने झाले की बाजेखाली गोणपाट पडायचं. कुत्री व्यायली की पाचव्या दिवशी आजी तिच्यापुढे गूळ-भाकरी ठेवायची आणि म्हणायची, “सटवाई काय माणसाचंच लिहिती व्हय?” पिल्लं चालू लागली की आबा उकिडवे बसून त्यांच्याकडे तासन् तास बघत. पाय, छाती, डोळा बघून त्यातलं एक घरी ठेवत. पिल्लाचे पैसे कधी घेतले नाहीत. पिल्लू द्यायचं ते बोलीवर. याची पोर व्यायली की निरोप धाडायचा.

आबा १९७९ साली गेले. सात पिढ्या त्यांच्याबरोबर गेल्या. मी तेव्हा कॉलेजात होतो. मला त्यातल्या दोनच सांगता येत होत्या.

पुढची गोष्ट माझ्या चुकीची आहे. १९८४ साली आमची हरणी नावाची कुत्री माजावर आली. ठरलेला नर लांब होता, माझी नवी नोकरी होती. ओळखीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांकडे व्हिपेट नर होता. देखणा, कागदपत्रांचा. मी हरणीला तिकडे नेलं. वडील एवढंच म्हणाले, “आबांना चाललं नसतं.” पाच पिल्लं झाली आणि पाचही अशी चपळ, सारखी आणि सुंदर की महिन्यात चार गेली, तीही पैसे देऊन. मला वाटलं, आबांपेक्षा आपणच शहाणे.

संकराची पहिली पिढी बहुतेक वेळा अशीच दिसते, एकसारखी आणि जोमदार. खरं पुढच्या पिढीत कळतं. घरी ठेवलेल्या पाचवीला पिल्लं झाली तेव्हा एक ठेंगणं, एक उंच, एकाची छाती अरुंद, एकाचे पाय वाकडे. हरणीला नव्याने शुद्ध नर दाखवायचा विचार होता, पण त्या पावसाळ्यात तिला पान लागलं आणि ती गेली. आबांनी बोलीवर दिलेल्या पिल्लांचा माग काढायला मी गावोगाव हिंडलो. कुठे कुत्री मेलेली, कुठे शर्यतीसाठी ग्रेहाउंड घातलेला, कुठे आठवणारा म्हाताराच उरलेला नाही. साठ-सत्तर वर्षांचं घरचं वाण दोन वेतांत संपलं. व्हिपेटचा त्यात काही दोष नाही. त्याची वही इंग्लंडात सुरक्षित होती. आमची तोंडी वही मी पुसली.

असं पुष्कळ घरांत झालं असणार. कृष्णा-घटप्रभेच्या बाजूला मुधोळ संस्थानात मात्र घोरपडे घराण्याने या कुत्र्याला राजाश्रय दिला. मालोजीराजे घोरपड्यांनी बादशहा पाचव्या जॉर्जला एक जोडी भेट दिली, असं सांगितलं जातं. त्यामुळे त्याला मुधोळ हाउंड हे नाव मिळालं. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. पुढे मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र झालं, लष्करानेही हा कुत्रा प्रशिक्षणासाठी घेतला. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे मुधोळ हाउंडची अधिकृत नोंद आहे. आपल्या भीमाकाठच्या भीमथडी घोड्याचीही तिथे अलीकडे नोंद झाली. हा घोडा संपला असं लोक धरून चालले होते. म्हणजे उशिरा का होईना, वही उघडता येते.

म्हणून निवृत्तीनंतर मी पुन्हा सुरुवात केली. सोलापूर जिल्ह्यातून कुत्री आणली, बीडकडच्या एका शेतकऱ्याचा नर ठरवला. दोघांचे आई-बाप डोळ्यांनी पाहिले आणि शंभर पानी वहीत पहिलं पान लिहिलं. त्रेसष्टाव्या दिवशी, डिसेंबरच्या कडाक्यात, सहा पिल्लं झाली. तिसऱ्या पहाटे एक गार पडून गेलं. पेटी मी दाराजवळ ठेवली होती. पहिले दोन आठवडे पिल्लांना स्वतःच्या अंगाची ऊब धरता येत नाही आणि या कुत्र्यांच्या अंगावर ना चरबी, ना केस. हे मला वाचून माहीत होतं, तरी व्हायचं ते झालं. तेही वहीत लिहिलं. मग पेटी चुलीच्या खोलीत नेली, वर दिवा टांगला. रोज सकाळी किराणाच्या काट्यावर प्रत्येकाचं वजन. दहाव्या दिवशी ते जन्माच्या दुप्पट भरलं तेव्हा जीव खाली पडला. बाराव्या दिवशी डोळे उघडले. दुसऱ्या आठवड्यात जंताचं औषध, चौथ्यात आईच्या दुधाबरोबर मऊ भात, उकडलेलं अंडं, सहाव्यात पहिली लस. आठ आठवडे होईपर्यंत कुणालाही पिल्लू दिलं नाही.

पिल्लू मागायला पहिले आले ते शर्यतवाले. दोन माद्या हव्या होत्या, विलायती नर घालायला. त्यांनी सांगितलेली रक्कम माझ्या पेन्शनच्या कितीतरी पट होती. मुलगा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी नाही म्हणालो, पण ते सोपं गेलं असं सांगणार नाही. कारण त्यांचा प्रश्न खरा होता. “शिकार बंद, शर्यत नको, मग हे कुत्रं करायचं काय?” १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. १९८० साली रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्य झालं. दोन चौरस किलोमीटरच्या त्या माळाशेजारी राहून असं कुत्रं मोकळं सोडणं मला पटत नाही. माझं उत्तर साधं आहे. रानडुकरांपासून पीक राखायला ते उपयोगी आहे, आणि त्याला रोज दोरीवर लांब धाव द्यायची ज्याची तयारी असेल, त्यानेच ते पाळावं. साखळीला बांधून ठेवायला हे कुत्रं घेऊ नये.

एक मादी मी ठेवली. चार पिल्लं दिली, प्रत्येकाबरोबर वहीतल्या पानाची झेरॉक्स दिली आणि आबांची जुनी बोली घातली. आता निरोपाऐवजी फोन करायचा, एवढाच बदल. चौघांपैकी तिघांचे फोन येतात. चौथ्याचा नंबर लागत नाही. त्याच्या नावापुढे मी जागा मोकळी सोडली आहे.

तुमच्या गावात कुणाकडे कारवानी असेल, तर त्या म्हाताऱ्या माणसाजवळ एकदा बसा. कुत्रीची आई कोण, बाप कुठल्या गावचा, विचारा आणि कागदावर लिहून घ्या. आबांजवळ मी हे करायला हवं होतं. ते रोज संध्याकाळी ओट्यावर बसलेले असत आणि माझ्या खिशाला पेनही असे.