राब आणि राखीव रान

ठाण्या-कल्याणाकडील भाताचा हंगाम पावसाच्या आधीं, विस्तवापासून सुरू होत असे. ऐनाच्या डहाळ्या, पाला, गवत व शेण जमिनीच्या तुकड्यावर पसरून जाळावयाचें, त्या राखेंत बीं पेरावयाचें आणि पाऊस बसला कीं रोपें काढून खाचरांत लावावयाचीं, हाच राब. म्हणून कुणबी, ठाकूर, वारली यांस रान हें शेताचेंच अंग वाटे.

सरकारला त्याच रानांत इमारती लाकूड व महसूल दिसला. १८७८ च्या कायद्यानें रानें राखीव होऊं लागलीं, आणि आज्यानें राजरोस तोडलेली डहाळी नातवाच्या हातीं गुन्हा ठरली. ओरड इतकी झाली कीं, १८८५ सालीं मुंबई सरकारास जंगल-कमिशन नेमावें लागलें. राबानें रान नासतें, असें म्हणणाऱ्या साहेबांना पुढें त्यांच्याच डॉ. व्होल्करनें उत्तर दिलें. या भागापुरता राब उपयुक्तच आहे, असें त्यानें १८९३ च्या अहवालांत मानलें. शेतकऱ्याचें म्हणणें खरें ठरावयास विलायतेचा रसायनशास्त्रज्ञ लागावा, हीहि गंमतच!

तथापि डहाळी मिळाली ती 'सवलत' म्हणून. येऊरचें रान आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत आहे. रानांत राहणाऱ्यांविषयीं 'हक्क' हा शब्द कायद्याच्या नांवांत यावयास २००६ साल उजाडलें.