शरीरसौष्ठवातील अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडे

अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडे ही टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची, म्हणजे हॉर्मोनची, कृत्रिम रूपे होत. ती स्नायूंतील प्रथिननिर्मितीला चालना देतात आणि त्याचबरोबर दाढीमिशा, घोगरा आवाज यांसारखी पुरुषी लक्षणेही वाढवतात. ही दोन कार्ये एकमेकांपासून पूर्णपणे वेगळी करणे औषधशास्त्राला आजवर साधलेले नाही. वृषणांची संप्रेरकन्यूनता, लांबलेले वयात येणे किंवा दीर्घ आजारातील क्षीणता यांवर ती वैद्यकीय देखरेखीखाली दिली जातात. शरीरसौष्ठवात मात्र निरोगी माणूस ती उपचाराच्या कितीतरी पट मात्रेत घेतो, आणि धोक्याचे मूळ या मात्रेतच आहे.

टेस्टोस्टेरॉन 1935 मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम येथे बैलांच्या वृषणांतून वेगळे करण्यात आले व त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयारही झाले. 1954 च्या व्हिएन्ना येथील जागतिक भारोत्तोलन स्पर्धेत सोव्हिएट खेळाडू ते वापरत असल्याचे अमेरिकी संघाचे वैद्य जॉन झिगलर यांना कळले. सीबा कंपनीच्या ‘डायनाबॉल’ या स्टेरॉइडच्या गोळ्या 1958 पासून उपलब्ध झाल्यावर त्यांनी त्या आपल्या खेळाडूंना दिल्या. पण खेळाडू सांगितलेल्या मात्रेच्या अनेक पट गोळ्या घेऊ लागल्याचे पाहून त्यांना पुढे त्याचा तीव्र पश्चात्ताप झाला. वैद्यकजगत बरीच वर्षे या औषधांनी स्नायू वाढतच नाहीत असे सांगत राहिले, आणि डोळ्यांना दिसणारा परिणामच नाकारला गेल्याने धोक्यांविषयीच्या इशाऱ्यांवरही खेळाडूंचा विश्वास उरला नाही. 1996 मध्ये शलेंदर भसीन व सहकाऱ्यांनी दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन 10 आठवडे देऊन पाहिले, तेव्हा व्यायाम न करणाऱ्यांचेही चरबीविरहित वजन सुमारे 3 किलोने, तर व्यायाम करणाऱ्यांचे सुमारे 6 किलोने वाढले.

निरोगी पुरुषाचे शरीर आठवड्याला साधारण 50 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार करते. जिमच्या भाषेत ज्याला ‘सायकल’ म्हणतात त्या काही आठवड्यांच्या आवर्तनात त्याच्या दहा-वीस पट मात्रा घेतली जाते, अनेकदा दोन-तीन स्टेरॉइडे एकत्र करून. त्यांत ट्रेनबोलोनसारखे मुळात गुरांसाठी बनवलेले औषधही असते.

सर्वांत गंभीर हानी हृदयाची होते, आणि ती आरशात दिसत नाही. उपकारक कोलेस्टेरॉल घसरते, रक्तदाब चढतो, तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते व गुठळ्यांचा संभव वाढतो. हृदयाच्या डाव्या जवनिकेची, म्हणजे डाव्या खालच्या कप्प्याची, भिंत जाड व ताठर होते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात या जवनिकेतून प्रत्येक ठोक्याला बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण स्टेरॉइड न घेणाऱ्या वजनपटूंत सरासरी 63 टक्के, तर दीर्घकाळ घेणाऱ्यांत 52 टक्के आढळले, आणि नंतरच्यांच्या हृदयरोहिण्यांत मेदाचा थरही अधिक साचलेला होता. तोंडावाटे घ्यायच्या बहुतेक गोळ्या यकृतात टिकून राहाव्यात अशा घडवलेल्या असल्याने कावीळ, यकृतातील रक्ताने भरलेल्या पोकळ्या व गाठी हे विकार त्यांच्याशी विशेष निगडित आहेत.

बाहेरून संप्रेरक मिळू लागताच मेंदूतील पोष ग्रंथी वृषणांना चालना देणे थांबवते. वृषणे आकसतात, शुक्रजंतू कमी होतात किंवा नाहीसे होतात, आणि जादा टेस्टोस्टेरॉनचे काही प्रमाणात स्त्रीसंप्रेरकात रूपांतर होऊन पुरुषाचे स्तन वाढू शकतात. औषध थांबवल्यावर शरीराचे स्वतःचे उत्पादन लगेच सुरू होत नसल्याने कामेच्छा मावळते, स्नायू उतरतात व खोल नैराश्य येते. याच काळात पुष्कळ जण पुन्हा औषधाकडे वळतात. म्हणून या अवलंबित्वाला निव्वळ हौस किंवा मनाची दुर्बलता समजणे अन्यायाचे आहे. स्त्रियांमध्ये घोगरा झालेला आवाज बहुधा कायमचा राहतो, तर किशोरांत हाडांची वाढकेंद्रे अकाली मिटून उंची खुंटते.

महाराष्ट्रातील व्यायामशाळांत स्टेरॉइडांच्या जोडीने मेफेन्टरमिन या इंजेक्शनाचा गैरवापरही आढळला असून त्यावर वारंवार पोलिसी कारवाई झाली आहे. हे स्टेरॉइड नव्हे. शस्त्रक्रियेदरम्यान घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी ते दिले जाते आणि जिममध्ये थकवा जाणवू नये म्हणून टोचून घेतले जाते. आधीच जाड झालेल्या हृदयावर असा ताण पडणे विशेष घातक ठरते. सामाईक सुयांमुळे हिपॅटायटिस बी, सी व एचआयव्ही यांचा, आणि बनावट कुप्यांमुळे गळवांचा धोका वेगळाच.

ऑलिंपिकमध्ये स्टेरॉइडांची चाचणी 1976 च्या माँट्रिऑल स्पर्धेपासून सुरू झाली. भारतात राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, नाडा, हे काम करते व 2022 च्या कायद्याने तिला वैधानिक आधार दिला. परंतु ही यंत्रणा स्पर्धकांपुरती आहे, आणि स्टेरॉइडे घेणाऱ्यांपैकी बहुसंख्य कधीच स्पर्धेच्या मंचावर उभे राहत नाहीत. डेन्मार्कमध्ये सामान्य जिममध्येही चाचणी होते. तेथे दोषी आढळलेल्या 545 पुरुषांचा मागोवा घेतला असता त्यांचे मृत्युप्रमाण समवयस्कांच्या सुमारे तिप्पट भरले. या प्रश्नाला खेळातील लबाडीपेक्षा आरोग्याचा प्रश्न मानण्यास हा भक्कम आधार आहे.

उपचारात औषध बंद करणे, रक्तातील संप्रेरके, मेदद्रव्ये व तांबड्या पेशींचे प्रमाण तपासणे, हृदयाची इको चाचणी करणे आणि नैराश्यावर मानसोपचार देणे यांचा समावेश होतो. शुक्रजंतूंची संख्या बहुतेकांत काही महिन्यांपासून वर्ष-दोन वर्षांत पूर्ववत होते आणि हृदयाची आकुंचनक्षमता अंशतः सुधारते. रोहिण्यांत साचलेला थर मात्र औषध सोडल्याने विरघळत नाही.