बेंजोची तारांबळ

चहा किती उकळावा, आंबा कापून खावा की चोखून आणि वाद्याला तार कोणती लावावी, या तीन प्रश्नांवर माणसाचे मत एकदा पक्के झाले की ते बदलायला साक्षात ब्रह्मदेव आला तरी त्याला चहा पाजून, तोही आपल्याला हवा तसा उकळून, परत पाठवण्यात येते. पहिल्या दोन प्रश्नांवर मराठीत भरपूर लिहून झाले आहे. तिसऱ्यावरही झाले आहे, पण ते तंबोरा, सतार अशा खानदानी वाद्यांबद्दल. तंबोऱ्याची जवारी कशी काढावी, घोडीवर तारेखाली सुताचा जीव कुठे सरकवावा, मालकंसात पंचम नाही म्हणून पहिली तार मध्यमात कशी लावावी, हे सांगणारी विद्वान मंडळी आमच्या गिरगावात जिन्याजिन्यावर भेटत. पण गणपतीच्या मिरवणुकीत हातगाडीवर वाजणाऱ्या बेंजोला कोणती तार लावावी, यावर कोणी चार ओळी लिहिल्या असतील तर शपथ! बेंजोला इतिहास असतो हेच मुळी आपल्याला पटत नाही. इतिहास किल्ल्यांना असतो, घराण्यांना असतो. बेंजोला फार तर सुपारी असते.

तर आता हा इतिहास. सुरुवातीलाच सांगून टाकतो की आपला बेंजो हा बेंजो नव्हेच. खरा बेंजो अमेरिकेतला. गोल, कातडे ताणलेला, आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी तिथे रुजवलेला. आपला बेंजो म्हणजे एक लांबट चपटी पेटी, तिच्यावर तारा, तारांवर बटणांची रांग. डाव्या हाताने बटणे दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. दुकानदार त्याला ‘बुलबुल तरंग’ म्हणतात. जलतरंगात निदान पाणी तरी असते. ह्यात बुलबुलही नाही आणि तरंगही नाही.

ह्याचे पाळण्यातले नाव ‘ताइशोगोतो’. जन्म जपानात, नागोया शहरी, १९१२ साली. जन्मदाते गोरो मोरिता. त्याच वर्षी जपानात जुने सम्राट वारले, नवे गादीवर आले आणि ‘ताइशो’ शक सुरू झाला. ‘कोतो’ हे तिथले जुने तंतुवाद्य. म्हणून ताइशो काळातले कोतो ते ताइशोगोतो. आपल्याकडे त्या सुमाराला कोणी सतारीत सुधारणा केली असती तर तिला ‘पंचम जॉर्ज सतार’ म्हणावे लागले असते, तसलाच प्रकार. निदान पंचम तरी त्यात आयता लागला असता!

मोरितांना ती बटणांची कल्पना टाइपरायटरवरून सुचली असे सांगतात. हे मला फार उशिरा कळले आणि कळले तेव्हा माझ्या वडिलांची तीव्रतेने आठवण झाली. वडील फोर्टात एका कचेरीत टायपिस्ट होते. दिवसभर साहेबाची पत्रे टंकायची आणि संध्याकाळी ऑपेरा हाउसजवळ देवधर मास्तरांच्या संगीत शाळेत कोणाचे गाणे असेल तर पुढे सतरंजीवर जाऊन बसायचे, हा त्यांचा नेम. बेंजो ऐकला की ते म्हणत, “हे संगीत नव्हे, टायपिंग आहे. खाली ‘आपला नम्र’ एवढेच लिहायचे राहिले.” वडिलांना ती थट्टा वाटत होती, पण तो निव्वळ इतिहास होता.

त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा होता असे नाही. बटण दाबले की पडद्यावरचा ठरलेला सूर निघणार. मींड नाही, दोन सुरांच्या मधल्या गल्लीबोळांत शिरायची सोय नाही. हाच आरोप बिचाऱ्या पेटीवरही होता. त्यापायी १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केले, ते पुढे तीसेक वर्षे उघडले नाही. पण पेटीच्या बाजूने बोलायला मोठमोठे लोक होते. बेंजोच्या बाजूने आमचा लालबागचा मामा एकटा.

हा आईचा चुलतभाऊ. गिरणीत साचेखात्यात कामाला, चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे आणि आठवा बेंजो. तो खाटेवर, माणसे खाली. मामाच्या मते दुकानातून आणलेला बेंजो हा नुसता कच्चा माल. घरी आणल्यावर त्याचे खरे बारसे व्हायचे. पहिल्यांदा साथीच्या तारा काढून टाकायच्या. ह्या तारा बटणांखाली येत नाहीत. सूर छेडला की त्या आपल्या एकाच सुरात गुणगुणत राहतात. भजनाला ठीक, पण सिनेमातली गाणी दर गाण्याला पट्टी बदलणार. “त्या तारा म्हंजे घरातली म्हातारी,” मामा म्हणायचा. “वरात असो नायतर मयत, तिचं आपलं एकच चालू.”

मग मुख्य तारा. दुकानातल्या तारा मामा काढून फेकी आणि मँडोलिनची सर्वांत बारीक पोलादी तार आणून दोन तारा एका सुरात लावी. तिसरी तार जाड, बरोबर एक सप्तक खाली. ह्या तिसऱ्या तारेवरून लालबाग-परळात दोन पक्ष होते. एक म्हणे सगळ्या तारा बारीक हव्यात, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत सुरीसारखा गेला पाहिजे. दुसरा, म्हणजे मामाचा, म्हणे की खर्ज नसलेला बेंजो म्हणजे मिशा नसलेला हवालदार. मी जन्मभर खर्जाच्या पक्षात आहे. बारीक तारांचा बेंजो लांबून गोड लागतो. जवळून ऐकताना दाढ ठणकते.

बटणांखालच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या की तिथे बॉलपेनातल्या स्प्रिंगा बसत. बटणांची खटखट कमी व्हावी म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे. नखी तुटक्या प्लॅस्टिकच्या कंगव्याची. आणि खुंटी पिळायची कशी, तर मामा मला सांगे, “भाच्या, कान पिळल्यासारखी न्हाय. बाळाचं टोपरं बांधल्यासारखी.” सूर एक सप्तक वर न्यायचा तर तारेवरचा ताण चौपट करावा लागतो, हे मला पुढे कॉलेजात गणिताने शिकवले. मामाला ते तुटलेल्या तारेने गालावर लिहून आधीच शिकवले होते.

ह्यानंतर वीज. तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवले की पोलादी तारेची थरथर विजेत उतरते आणि कर्ण्यातून बाहेर पडते. पितळी तार लावाल तर चुंबक तिला ओळखही दाखवत नाही. ज्या बेंजोचा आवाज खोलीबाहेर जात नव्हता तो हातगाडीवर बॅटरी आणि दोन कर्णे घेऊन बसला आणि ताशा-ढोलाला भारी पडू लागला. जपानात हे वाद्य बैठकीत मांडून वाजवतात. भाद्रपदातल्या पावसात, प्लॅस्टिकच्या कागदाखाली, गुलालात न्हाऊन, चालता चालता वाजवायची सुधारणा आपली.

आपल्यासारखे सुधारक इतरत्रही निघाले म्हणा. बलुचिस्तानात ह्याच वाद्याला लांब, भारदस्त करून ‘बेंजू’ नाव मिळाले. मोंबासाच्या बाजूला ते तारब गाण्यात शिरले. मालदीव बेटांवर वेगळेच बारसे झाले. लहान वाद्यांचे हे असेच असते. युकुलेलेचेच पाहा. १८७९ च्या ऑगस्टात ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे मजूर घेऊन होनोलुलूला लागले. आले होते उसाच्या मळ्यांवर राबायला. त्यांत तिघे सुतारकाम जाणणारे होते. त्यांनी आपल्या गावच्या चिमुकल्या गिटारीसारखे वाद्य तिथल्या लाकडात केले. हवाईच्या लोकांनी त्याचे नाव ठेवले ‘उड्या मारणारी पिसू’. राजा कालाकौआला ते आवडले, म्हणून पिसू राजवाड्यात गेली. आमच्या बुलबुलला राजा मिळाला नाही. त्याला मिळाले ते गिरणगाव.

आणि १९८२ च्या १८ जानेवारीला गिरणगावच थांबले. साठांहून अधिक गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार, डॉ. दत्ता सामंतांचा संप. पहिले दोन महिने मामा म्हणे, “मिटंल.” पुढे तो म्हणेनासा झाला. मामी डबे करून देऊ लागली, थोरला मुलगा शाळा सोडून एका गाळ्यात लागला. खाटेवरचा बेंजो खाली आला, कारण खाट विकली गेली. बेंजोलाही गिऱ्हाईक आले होते. मामा गिऱ्हाइकाला म्हणाला, “गणपती होऊ दे.” त्याच्या बेंजो पार्टीतले सहाही जण गिरणीतले. दहा दिवसांत ज्या काही सुपाऱ्या मिळतील त्यांवर सहा घरांचे पुढचे दिवस.

आमच्या चाळीच्या उत्सवाचे खजिनदार होते वडील. ह्या पदावरचा त्यांचा लौकिक असा, की गणपतीने स्वतः जास्वंदीचे फूल मागितले असते तरी पावती विचारली असती. सभेत विसर्जनाला बँड आणायचे ठरत होते. वडील उठले आणि म्हणाले, “ह्या वर्षी लालबागची बेंजो पार्टी सांगावी. आगाऊ रक्कम मी पोचवतो.” सभा इतकी स्तब्ध झाली की जिन्याखालच्या नळाची गळती ऐकू आली. कोणीतरी म्हणाले, “अण्णा, बेंजो? तुम्ही?” वडील म्हणाले, “कार्यवृत्तात लिहा. चर्चा नको.”

मिरवणुकीच्या आधी मामा आरतीला वाजवायला वर आला. बेंजो नेहमीप्रमाणे काळी दोनमध्ये कडकडीत चढवलेला. वडील त्याच्याजवळ गेले आणि फक्त एवढेच बोलले, “पट्टी जरा उतरवता का? पांढरी एक करा. आमच्या म्हाताऱ्यांचे गळे पोचत नाहीत.”

मामाने खुंट्यांना हात घातला. तारा उतरवल्या. मग पिशवीतून एक पुडी काढली आणि दहा वर्षांपूर्वी हाकलून दिलेल्या साथीच्या दोन तारा पुन्हा चढवल्या. एक षड्जात, एक पंचमात. “दाजी, बगा,” तो म्हणाला, “तुमच्या तंबोऱ्यावानी हाय का?” वडिलांनी डोळे मिटून ऐकले. “पंचम केसभर चढा आहे,” ते म्हणाले. मामाने तो केसभर उतरवला. त्या दिवशीची आरती आमच्या चाळीच्या इतिहासात पहिल्यांदाच सुरात झाली. पुढे रस्त्यावर उतरल्यावर मामाने साथीच्या तारा काढून खिशात टाकल्या, पट्टी पुन्हा काळी दोनला नेली आणि ठाकुरद्वारपर्यंत असा काही वाजवला की वडील छत्री मिटून चालत होते, पावसात.

बेंजो विकला गेला नाही. गिरणीतली नोकरी मात्र परत मिळाली नाही. मामा पुढे वीस वर्षे सुपाऱ्या घेत राहिला.

त्यानंतरचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. २००० साली आवाजाचे नियम आले, रात्री दहाचा काटा आला. भिंतीएवढे स्पीकर घेऊन डीजे आला. २०१६ मध्ये ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमाही आला, तेव्हा मध्यमवर्गाला कळले की हे वाजवणाऱ्यांना नावगाव असते. बेंजो पार्ट्या अजून आहेत. सोबत कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला, पण गाण्याची पहिली ओळ बहुधा अजून बेंजोच घेतो.

हल्ली आमच्या दादरच्या घरात युकुलेले आहे. माझ्या नातीने धोबीतलावावरून आणले. तारा नायलॉनच्या. पूर्वी आतड्याच्या असत, दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनने त्यांची जागा घेतली. ह्या वाद्याची गंमत अशी, की सगळ्यांत वरची तार सर्वांत जाड आणि खर्जातली असेल म्हणून बोट ठेवावे, तर ती तिसरीपेक्षाही उंच सुरात बोलते. काही लोक तिथे जाड तार लावून खर्ज मिळवतात. मी अर्थातच तेच सुचवले.

“नको आजोबा,” ती म्हणाली, “मग ती गिटारसारखी वाजेल. मला हिचाच आवाज हवाय.”

मला वडील आठवले आणि मी मुद्दा सोडला. कोणाच्या गळ्यासाठी कोण पट्टी उतरवतो, हे तारेच्या नंबरापेक्षा महत्त्वाचे असते, असे माझे मत होत चालले आहे.

गंज चढू नये म्हणून पोलादी तारेला खोबरेल पुसावे की शिवणयंत्राचे तेल, ह्या प्रश्नावर मात्र तडजोड नाही. शिवणयंत्राचेच. खोबरेलावर गुलाल बसतो, तो पुढच्या गणपतीपर्यंत निघत नाही. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी अवश्य घरी यावे. चहा उकळून ठेवतो.