एक सेंटिमीटरचा श्वास

१/८ पावसाळ्यात अंगणात दिसणारा, स्पर्श होताच वेटोळे करणारा वाणी किडा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्याच वर्गातील एका लुप्त प्रजातीचा जेमतेम १ सेंटिमीटर लांबीचा जीवाश्म एका मोठ्या वादाचा विषय ठरला : जमिनीवर हवेत श्वास घेणारा प्राणी प्रथम केव्हा अवतरला?

२/८ स्थळ : स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील स्टोनहेवनजवळचे काउई बंदर. व्यवसायाने बसचालक आणि छंदाने जीवाश्मसंग्राहक असलेल्या माइक न्यूमन यांना तेथील खडकात हा तुकडा सापडला.

३/८ २००४ मध्ये हेदर विल्सन व लायल अँडरसन यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. नाव ठेवले न्यूमोडेस्मस न्यूमनाय. ग्रीक भाषेत ‘न्यूमा’ म्हणजे श्वास. जातिनाम अर्थातच न्यूमन यांच्या सन्मानार्थ.

४/८ नावात श्वास का? कारण त्याच्या कवचावर श्वासरंध्रे स्पष्ट दिसतात. जमिनीवरील पाऊलखुणा याहूनही जुन्या मिळाल्या आहेत. परंतु पाऊलखूण प्राणी चालला एवढेच सांगते, तो श्वास कसा घेत होता हे सांगत नाही. रंध्रे ते सांगतात.

५/८ आता वय. त्या थरांतील वनस्पतींच्या सूक्ष्म बीजाणूंवरून ते सुमारे ४२.८ कोटी वर्षे, म्हणजे सिल्युरियन कालखंडातील मानले गेले. बीजाणूंचे प्रकार काळानुसार बदलत जातात. म्हणून ते थरांचे पंचांगच ठरतात.

६/८ २०१७ मध्ये दुसरे घड्याळ पुढे आले : झिरकॉन स्फटिक. त्यांतील युरेनियमचे शिशात ठरावीक गतीने रूपांतर होते. या मापनाने वय निघाले सुमारे ४१.४ कोटी वर्षे, म्हणजे डेव्होनियन! २०२० मध्ये स्कॉटलंडच्याच केरेरा बेटावरील कॅम्पेकॅरिस या सहस्रपादाचे वय ४२.५ कोटी वर्षे ठरले आणि ज्येष्ठत्वाचा मान तिकडे गेला.

७/८ २०२३ मध्ये चार्ल्स वेलमन व सहकाऱ्यांनी काउईचे बीजाणू पुन्हा तपासले. निष्कर्ष : खडक सिल्युरियनच. मान परत न्यूमोडेस्मसकडे!

८/८ हा जीवाश्म आज स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या संग्रहात आहे. तो तसूभरही बदललेला नाही. बदलले ते त्याचे वय मोजणारे आपले पुरावे. म्हणून ‘सर्वांत प्राचीन’ हे शब्द वाचताच पुढचा प्रश्न विचारावा : हे वय कोणत्या घड्याळाने मोजले?