लग्नाचा चौक दिसतो, लग्नगडी दिसत नाही

गेल्या शनिवारी मित्राच्या पाहुण्यांसोबत आपल्याच डहाणू-तलासरी भागातल्या एका रिसॉर्टवर गेलो होतो. रात्री शेकोटी, तारपा, एकसारख्या कपड्यांत नाचणारी सात-आठ पोरं. मागे भिंतीवर वारली चित्र. एक ताई म्हणाल्या, ‘‘किती छान ना, हे लोक अजून असेच राहतात. कसलं टेन्शन नाही!’’ त्यातला एक पोरगा दिवसा उंबरगावला कारखान्यात कंत्राटी कामाला जातो. तेव्हा गप्प बसलो, म्हणून इथे लिहितोय.

भिंतीवरचं ते चित्र म्हणजे लग्नाचा चौक. मधोमध पालघट देवी. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने तो सुवासिनी काढायच्या, तोही लग्नातच. १९७० च्या दशकात गंजाडचे जिव्या सोमा म्हसे कागदावर काढू लागले आणि ही कला जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एवढं आपल्याला सांगता येतं.

पण याच लग्नासाठी वारली माणूस जमीनदाराकडून कर्ज घ्यायचा आणि ते फेडायला नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे राबायचे. बऱ्याचदा जन्मभर. त्याला लग्नगडी म्हणत. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरीला शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने किसान सभेची सभा झाली. तिथे ठरलं, वेठ करायची नाही. मग गावोगाव लग्नगडी सुटू लागले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले, त्यात जेठ्या गांगड. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचा, सगळं आहे.

‘टेन्शन नसलेल्या’ लोकांचा हा इतिहास. फार जुनाही नाही, आपल्या आजोबांच्या काळातला.

पर्यटन बंद करा असं मी म्हणत नाही. भातकापणी झाली की माणसं वीटभट्टीवर जातात. इथेच चार पैसे मिळाले तर हवेच आहेत. पण पाहुणे गावातल्या पोरांनी फिरवावेत, काय दाखवायचं ते त्यांनीच ठरवावं. आत्ता ठरवतो रिसॉर्टवाला. म्हणून तारपा पंधरा मिनिटांचा आणि इतिहास शून्य मिनिटांचा.

निघताना त्या पोराला विचारलं, तलवाडा माहीत आहे का रे?

‘‘म्हणजे काय दादा, दरवर्षी जातो ना आम्ही, लाल झेंडा घेऊन. इथे कोणी विचारलंच नाही कधी.’’