पी-४५० कॅम: कापूर खाणाऱ्या जिवाणूचं एन्झाइम

पहिल्यांदा हे नाव वाचलं तेव्हा मला एखाद्या प्रोसेसरचं मॉडेल वाटलं. पण ‘कॅम’ म्हणजे कॅम्फर, आपला आरतीचा कापूर. स्युडोमोनास पुटिडा या जिवाणूचे काही प्रकार नुसत्या कापरावर जगू शकतात. त्या पचनाची पहिली पायरी म्हणजे कापराच्या रेणूला ऑक्सिजनचा एक अणू जोडणं, आणि ते काम हे एन्झाइम (विकर) करतं.

कापूर पेटवला तरी ऑक्सिजनच जोडला जातो, पण तेव्हा अख्खा रेणू मोडतो. इथे तसं नाही. कापराच्या दहा कार्बन अणूंपैकी हे एन्झाइम नेमका पाचवा निवडतं, तेही साध्या तापमानाला. त्याच्या पोटात हीम असतं, हिमोग्लोबिनमध्ये असतं तेच, मधोमध लोखंडाचा अणू असलेलं. शेजारच्या खोबणीत कापूर फिट बसतो. मग दोन मदतनीस प्रथिनांमार्फत इलेक्ट्रॉन येतात. पहिला आला की लोखंडाला ऑक्सिजनचा रेणू चिकटतो. दुसरा आला की ऑक्सिजनची जोडी तुटते. एका अणूचं पाणी होतं. दुसरा लोखंडावरच राहतो, समोरच्या कार्बनचा हायड्रोजन खेचून घेतो आणि त्याच्यासकट त्या कार्बनवर जाऊन बसतो. (हा भाग मला दोनदा वाचावा लागला होता.)

आता आपला संबंध. आपल्या यकृतात याच कुटुंबातली एन्झाइम्स आहेत आणि बरीचशी औषधं तीच मोडतात. पी-४५० हे नावही यकृतावरच्या कामातूनच आलं. १९६२ साली ओमुरा आणि सातो या जपानी संशोधकांनी ते दिलं, कारण कार्बन मोनॉक्साइड जोडला की हे द्रव्य ४५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं. पण यकृतातली एन्झाइम्स पेशीतल्या पडद्यांत रुतलेली, सहज सुटी होत नाहीत. जिवाणूचं मात्र पाण्यात विरघळतं! त्यामुळे इलिनॉय विद्यापीठात गन्सालस यांच्या गटाने त्यावर बरंच काम केलं, आणि १९८५ मध्ये थॉमस पोलोस व सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. या कुटुंबातली ती पहिलीच.

आईच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीसोबतच्या कागदावर ‘ग्रेपफ्रूट टाळा’ असं लिहिलेलं असतं. त्या फळातली काही द्रव्यं आतड्यातलं सीवायपी-३ए-४, म्हणजे याच कुटुंबातलं एक एन्झाइम, निकामी करतात आणि गोळी रक्तात नेहमीपेक्षा जास्त पोचते. ग्रेपफ्रूट आमच्याकडे येत नाही, पण पपनस येतं, आणि तशी द्रव्यं त्यातही असतात. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांना पपनसाचंही विचारून घेतलं.